जुन्या ट्रॅक्टर बॅकहोची घरच्या घरी निगा
सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या काळ्या, चिकट मातीत चाऱ्या खोदणाऱ्या जुन्या बॅकहोचे (ट्रॅक्टरच्या मागे बसवलेल्या खोदयंत्राचे) पहिले दुखणे बहुधा इंजिनात नसून पिन-बुशांत, म्हणजे सांध्यांतील खिळ्यांत आणि त्यांभोवतीच्या नळकांड्यांत असते. म्हणून काम संपताच सांधे धुऊन, जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीसगन मारावी; येथे काटकसर करणाऱ्याने पुढे लेथवाल्याला पैसे मोजण्याची तयारी ठेवावी.

उचललेला बूम (खोदयंत्राचा मुख्य हात) आपोआप खाली बसत असेल, तर दोष हायड्रॉलिक सिलिंडरमधील पिस्टनच्या सीलमध्ये (तेल अडवणाऱ्या कड्यात) किंवा लिव्हरने चालणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये असू शकतो. तेल सिलिंडरबाहेर येणाऱ्या रॉडवरून झिरपत असेल, तर मात्र रॉडचे सील बदलण्यापूर्वी रॉडवरून नख फिरवून पाहावे, कारण नख अडकेल असा ओरखडा राहिल्यास नवे सीलही लवकरच खराब होते.

कोणताही हायड्रॉलिक पाइप सोडण्यापूर्वी बूम आणि बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, सर्व लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून दाब उतरवावा. गळती हाताने कधीही चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरते आणि जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. तेल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी शिरलेले असते. तेव्हा पाणी कोठून आले ते शोधून तेलासोबत फिल्टरही बदलावा.