थंडीत वीजबिल कमी कसं करावं? सुरुवात न्हाणीघरापासून

कोकण किनाऱ्यावर खोली तापवायचा हिटर कोणी लावत नाही, आणि लावायची गरजही नसते. दापोलीसारख्या उंचावरच्या गावांत पहाट चांगलीच बोचते, पण समुद्रालगत बहुतेक ठिकाणी शाल पुरते. तरीही डिसेंबर-जानेवारीचं बिल फुगतं, कारण एकच: आंघोळीचं पाणी.

हिशेब सोपा आहे. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.४७ युनिट लागतं. चार माणसांचे रोज दोनाला थोडं कमी, महिन्याचे ५० ते ६० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त आहेत आणि १०१ ते ३०० चा टप्पा दुपटीच्या आसपास महाग. एरवी ८०-९० युनिटांत भागणारं घर गिझरमुळे नेमकं ही रेघ ओलांडतं. वाचवलेलं युनिट या वरच्या दराचं असतं, म्हणून थोडी काटकसरही बिलात दिसते.

पहिलं काम: मीटर बघा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ३२०० किंवा असाच आकडा छापलेला असतो. तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त गिझर लावा आणि एक मिनिट मोजा. २००० वॅटचा गिझर ३२०० च्या मीटरवर मिनिटाला शंभराच्या थोडा वर जातो. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल, तर इन्व्हर्टर किंवा सेट-टॉप बॉक्स चालू राहिलाय का पाहा. तेही नसेल तर वायरमनला बोलवा.

दुसरं काम: पंपाची वेळ बदला. याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. विहिरीचं पाणी थंडीतही २५-२६ अंशांच्या आसपास असतं, म्हणून पहाटे ते हाताला कोमट लागतं. तेच पाणी संध्याकाळी स्लॅबवरच्या टाकीत चढवलं की रात्रभरात गारठतं. बादलीला सहा अंशांचा फरक पडला तर ०.४७ ऐवजी सुमारे ०.३३ युनिट पुरतं. चार बादल्यांना महिन्याला सोळा-सतरा युनिट वाचतात. पंप तेवढाच चालतो, फक्त संध्याकाळऐवजी सकाळी. रात्री टाकी तळाला येऊ द्या, नाहीतर उरलेलं गार पाणी नव्यात मिसळेल. संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांचं कारण वेगळं, पण वेळ तीच: काळी टाकी दिवसभर उन्हात तापते, त्यांनीही सकाळीच भरून ठेवावी.

तिसरं काम: गिझर. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा. १५ लिटरची टाकी ५५ अंशांवर तापली की गार पाणी मिसळून २५ लिटरच्या आसपास आंघोळीचं पाणी मिळतं, आणि त्याला २००० वॅटच्या गिझरला साधारण २० मिनिटं लागतात. तेवढा वेळ आधी लावा, सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरका आणि बंद करा. दिवसभर चालू ठेवला तर टाकी निवत राहते नि थर्मोस्टॅट ती पुन्हापुन्हा तापवत राहतो. चाकरमान्यांचं बंद घर बऱ्याच दिवसांनी उघडलं, तर मात्र एकदा ६० अंशांवर तापवून ते पाणी सोडून द्या. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

इन्स्टंट गिझर कमी वीज खातो, ही समजूत अर्धीच खरी. पाणी तापवायला वीज तेवढीच लागते, फक्त साठवणुकीतली गळती वाचते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर पाणी २० अंशांनी तापवायचं तर मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. नळ पूर्ण सोडला की पाणी गारच येणार, त्यात गिझरचा दोष नाही.

व्होल्टेज १८० वर उतरलं की २००० वॅटचा गिझर सव्वाबाराशे वॅटवर येतो. वेळ जास्त लागतो, युनिट जवळपास तितकीच पडतात. खाडीजवळच्या मचूळ पाण्यात गिझरच्या टाकीतला, ती गंजू नये म्हणून बसवलेला मॅग्नेशियमचा रॉड लवकर झिजतो आणि मग टाकी गळते, म्हणून तो वर्षातून एकदा काढून बघायला सांगा. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात, सांधा तापतो; १६ अँपिअरचा प्लग घट्ट बसलाच पाहिजे. हाताने बादलीत टाकायचा रॉड वापरत असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच बंद पडणारा सुरक्षा स्विच) हवाच, आणि स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.

बंब आणि सौर. मागीलदारी नारळाची सोडणं, करवंट्या पडून असतील तर बंब पेटवण्यासारखं स्वस्त काही नाही. लाकूड विकत घ्यावं लागत असेल तर आधी हिशेब करा, आणि धूर घरात कोंडू देऊ नका. सौर बंबाला कोकणातलं थंडीतलं स्वच्छ ऊन मानवतं. तोंड दक्षिणेला हवं, कल ३० अंशांच्या आसपास. माडाखाली मात्र मुळीच बसवू नका. एक नारळ पडला की काचेच्या नळ्या गेल्या. उरलेल्यांकडे वानरं बघतात.

पंखा. थंडी असूनही डासांसाठी रात्रभर पंखा लावतात. ७५ वॅटचा जुना पंखा आठ तासांत ०.६ युनिट खातो, एका बादलीच्या गरम पाण्यापेक्षा जास्त! मच्छरदाणी लावा. पंखा हवाच असेल तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्या, तो पूर्ण वेगातही ३० वॅटच्या आसपास चालतो.

फ्रीज. डायल थंडीत एक-दोनवर आणा. मागे वीतभर जागा मोकळी ठेवा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद अलगद सुटला तर रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. दमट हवेने त्यावर बुरशी चढलेली असते. पुसूनही पकड येत नसेल तर रबर बदला.