खुराड्यातली थंडी नव्हे, ओल!

आमचं घर पंचगंगेकाठी. डिसेंबरात पहाटे उसातनं असा गारठा येतो की हात खिशातनं निघत नाहीत. परसात नऊ गावरान कोंबड्या. त्यांना थंडी बाधू नये म्हणून मी खुराडं चारी बाजूंनी प्लॅस्टिकनं गच्च बांधलं. शहाणपणा नडला. चौथ्या दिवशी दार उघडलं, तर आत डोळ्यांना झोंबणारा वास, प्लॅस्टिकला आतून पाणी सुटलेलं आणि दोन कोंबड्या शिंकतायत.

आई म्हणाली, "अरे, त्यास्नी पिसं हायत की! तू त्यांचा श्वास कोंडलास."

खरंच होतं. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, पिसं फुगवली की ऊब आतच राहते. पण श्वासाची वाफ कोंडली, की ओल धरते आणि विष्ठेतला अमोनिया वायू आतच साठून झोंबतो.

मग प्लॅस्टिक फाडलं. वाऱ्याच्या बाजूला खालून दोन फूट गोणपाट, वर छपराखाली वीतभर जाळी मोकळी. जुनं ओलं काढून चार बोटं भाताचं तूस टाकलं, ते रोज हलवायचं. बसायला रुंद फळी ठोकली, म्हणजे बोटं पोटाखाली झाकतात. संध्याकाळी मूठभर मका.

पिल्लांचं मात्र वेगळं. त्यांना पुरती पिसं नसतात, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पिवळा बल्ब तारेनं घट्ट बांधला (तूस पेटायला वेळ लागत नाही). पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर तो खाली घ्यायचा, लांब पळाली तर वर.

शिंका आठवड्यात थांबल्या.