न्यूरेंबर्गला खरेदी: रविवार सोडून
जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला खरेदीचा बेत रविवारी ठेवू नका, बाजारपेठ बंद असते; सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. दुपारी बाराच्या पाच मिनिटं आधीच हाउप्टमार्क्ट चौकात फ्राउएनकिर्श चर्चसमोर उभे राहा. बाराला चर्चच्या घड्याळातले सात इलेक्टरांचे (सम्राट निवडणाऱ्या मानकऱ्यांचे) पुतळे सम्राट चौथ्या कार्लच्या पुतळ्याभोवती फिरतात, तेही दिवसातून एकदाच. मग ‘द्राय इम वेग्ला’ मागा: पावात ७ ते ९ सेंटिमीटरचे तीन भाजके सॉसेज, मार्जोरम घातलेले (मांस डुकराचं). घरी न्यायला लेबकुखेन (मसालेदार गोड बिस्किटं) घ्याल तर डब्यावर ‘एलिसेन’ लिहिलंय ना, ते बघा. त्यात बदाम, हेझलनट, अक्रोड मिळून किमान २५ टक्के असतात आणि पीठ फार तर १० टक्के. स्वस्त पुड्यांत पिठाचाच भरणा. एलिसेनमध्ये सहसा अंडं असतं, तेव्हा शाकाहाऱ्यांना सांगूनच द्या. उघडे राहून कडक झाले, तर डब्यात सफरचंदाची फोड ठेवा. पण रोज बदला, नाहीतर बुरशी येते.