५जी आहे, पण वेग नाही: नेमके कुठे अडते ते कसे शोधायचे

‘नेट स्लो आहे’ म्हटले की पहिला सल्ला येतो तो फोनचे नेटवर्क सेटिंग रिसेट करण्याचा. त्याने वाय-फायचे पासवर्ड जातात, ब्लूटूथच्या जोड्या तुटतात आणि नेट बहुतेक वेळा होते तिथेच राहते. मोबाइल डेटा पाचच ठिकाणी अडतो: पॅक, फोनमधले बँड (म्हणजे फोन पकडू शकतो ते लहरींचे पट्टे), सिम, सेटिंग आणि तुम्ही उभे आहात ती जागा. याच क्रमाने तपासले तर उगाच फिरणे वाचते.

आधी पॅक

रोजच्या दीड-दोन जीबीचा कोटा संपला की बहुतेक पॅकवर वेग ६४ केबीपीएसवर येतो. सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात, व्हॉट्सॲपचा मजकूर रडतखडत जातो, फोटो मात्र गोल फिरत बसतो. रात्री बारानंतर सगळे सुरळीत झाले तर दोष कोट्याचाच समजा. कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक डेटा पाहायला अर्धे मिनिट लागते, ते आधी पाहा.

दुसरे म्हणजे, ‘अमर्याद ५जी’ सगळ्या पॅकवर नसते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलने ते रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकपुरते ठेवले. पॅकच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून रिचार्ज करताना त्या पॅकच्या तपशिलात ५जीची ओळ आहे का ते वाचा. दुकानदाराच्या ‘हो हो, आहे त्यात’वर जाऊ नका.

फोनमध्ये बँड आहेत का

खोक्यावर ‘५जी’ छापलेले असणे पुरेसे नाही. प्रत्येक कंपनी ठरावीक बँडवर सेवा देते आणि तो बँड फोनच्या रेडिओत नसेल तर कुठलेही सेटिंग तो आणू शकत नाही. आपल्याकडे मुख्य हिशेब असा आहे.

५जीसाठी सर्वांत महत्त्वाचा एन ७८, म्हणजे ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झचा पट्टा. जिओ त्याशिवाय एन २८ (७०० मेगाहर्ट्झ) वापरते. २०२२ च्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी हा बँड तिनेच घेतला. ४जीत जिओचे बँड ३, ५ आणि ४०. एअरटेलचे १, ३, ८ आणि ४०. व्हीआयचे १, ३, ८ आणि बऱ्याच ठिकाणी ४१. बीएसएनएलचे नवे ४जी प्रामुख्याने बँड २८ आणि बँड १ वर आहे. इथेच अनेकांची फसगत होते. पाच-सात वर्षांपूर्वीच्या कितीतरी ४जी फोनांत बँड २८ नाही. गावात बीएसएनएलचा टॉवर सुरू झाला, शेजाऱ्याला ४जी येते, आपल्याला मात्र २जीच दिसते, असे झाले तर सिमला दोष देण्याआधी फोनचा बँड पाहा.

बँड पाहायचे ते फोनच्या नेमक्या मॉडेल क्रमांकावरून. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा, मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाचे पान काढा. नुसत्या नावावरून शोधू नका. एकाच नावाचा फोन भारतात, चीनमध्ये आणि अमेरिकेत वेगवेगळ्या बँडांसह विकला जातो. सुट्टीला येणाऱ्या नातेवाइकांकडून फोन मागवताना हे आधी विचारा. शिवाय अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासूनच्या अनेक मॉडेलांना सिमचा खणच नाही. त्यांना ई-सिम, म्हणजे फोनमध्येच डिजिटल रूपात भरायचे सिम लागते.

आणखी एक खाच आहे. जिओचे ५जी ‘स्टँडअलोन’ पद्धतीचे, म्हणजे ४जीचा आधार न घेता चालणारे. एअरटेलने सुरुवात ‘नॉन-स्टँडअलोन’ने केली. त्यात फोन आधी ४जीला जोडला जातो आणि ५जी त्याच्या जोडीला येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ५जी सुरू झाले तेव्हा अनेक फोनांत बँड होते, पण या जाळ्यांसाठीची परवानगी सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. आयफोनला ती आयओएस १६.२ ने, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिळाली. जुना ५जी फोन असेल तर ‘सॉफ्टवेअर अपडेट’ एकदा तपासाच. २०२२ पासून अपडेट न टाकलेला फोन नुसत्या अपडेटने ५जी पकडू लागू शकतो.

सिम

४जीचे सिम असेल तर जिओ किंवा एअरटेलच्या ५जीसाठी नवे सिम लागत नाही. ‘५जी अपग्रेडसाठी ओटीपी सांगा’ किंवा ‘ही लिंक दाबा’ म्हणणारा फोन आला तर तो चोर आहे, दुसरे काही नाही.

सिम बदलावे लागते ते २जी-३जीच्या जमान्यातले असेल तर. दहा-बारा वर्षे तेच सिम, कात्रीने कापून नॅनो केलेले, असा प्रकार ज्येष्ठांच्या फोनात हमखास सापडतो. आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जा, नंबर तोच राहतो. पण वेळ बघून जा: सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. वीजबिलाची शेवटची तारीख किंवा गाडीचे तिकीट काढायचे असेल त्या दिवशी हा उद्योग नको.

दोन सिमच्या फोनात कोणत्या खणात कोणते सिम आहे यालाही महत्त्व आहे. काही स्वस्त आणि जुन्या फोनांत दोहोंपैकी एकालाच पूर्ण वेग मिळतो. ज्याचा डेटा वापरता ते सिम पहिल्या खणात टाकून पाहा.

सेटिंग

अँड्रॉइडमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘सिम्स’, मग ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ आणि तिथे ५जी. सॅमसंगमध्ये ‘कनेक्शन्स’, ‘मोबाइल नेटवर्क्स’, ‘नेटवर्क मोड’ आणि ज्या पर्यायाची सुरुवात ५जीने होते तो. आयफोनवर ‘मोबाइल सर्व्हिस’मध्ये ‘व्हॉइस अँड डेटा’: ‘५जी ऑटो’ ठेवले की बॅटरी वाचवण्यासाठी फोन स्वतःच ४जीवर जातो, ‘५जी ऑन’ ठेवले की जिथे मिळेल तिथे ५जी धरून ठेवतो.

हे करूनही ५जी दिसत नसेल तर तीन गोष्टी बघा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर कित्येक फोन ५जी गुपचूप बंद करतात. फोन तापला की तेच होते. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या काचेजवळ मॅप लावून ठेवलेला फोन ४जीवर उतरला तर त्याला सावलीत घ्या, सेटिंगला हात लावू नका. तिसरी गोष्ट ‘नेटवर्क ऑपरेटर्स’मधली. कुणीतरी कधीतरी ‘ऑटोमॅटिक’ काढून हाताने निवड केलेली असते आणि ती तशीच राहते.

‘व्होल्टे’ची, म्हणजे ४जीवरून बोलण्याच्या सोयीची कळ चालूच हवी. ती बंद असेल तर एअरटेल किंवा व्हीआयवर फोन लागला की मोबाइल २जीवर उतरतो आणि बोलणे संपेपर्यंत नेट मरते. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे तिथे व्होल्टेशिवाय साधे बोलणेही होत नाही. उलट, बोलताना ५जीचे चिन्ह जाऊन ४जी आले तर तो बिघाड नाही. आवाज ४जीवरून नेण्याची ती नेहमीची तऱ्हा आहे.

इंटरनेटवर एक कोड फिरतो: *#*#४६३६#*#* डायल करा, ‘फोन इन्फॉर्मेशन’ उघडा आणि ‘एनआर ओन्ली’ निवडा. कोड खरा आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर चालतो, सल्ला मात्र अर्धवट आहे. ‘एनआर ओन्ली’ म्हणजे फक्त ५जी, ४जी पूर्ण बंद. जिओसारख्या स्टँडअलोन जाळ्यावर नेट चालेल, पण ५जीवरून आवाजाची सोय नसेल तर फोन लागणार नाही की येणार नाही. नॉन-स्टँडअलोनवर तर ४जीचा आधारच काढून घेतल्यामुळे ‘नो सर्व्हिस’ येते. चाचणीपुरते वापरा आणि परत ‘एनआर/एलटीई’ (म्हणजे ५जी आणि ४जी दोन्ही) असलेल्या मूळ पर्यायावर या.

नेट अजिबातच चालत नसेल तर एपीएन पाहा, म्हणजे कंपनीच्या नेटशी जोडायला फोनमध्ये भरलेले नाव. जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेल-जीपीआरएस डॉट कॉम’ आणि बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएल-नेट’. हे सगळे इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा किंवा आडवी रेघ न देता. यूजरनेम, पासवर्ड, प्रॉक्सी रिकामे. प्रोटोकॉल ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’. नेट चालते आहे पण हळू आहे, अशा वेळी एपीएन बदलून काही साधत नाही. ‘सुपरफास्ट एपीएन’चे जे व्हिडिओ फिरतात ते निव्वळ भूलथापा.

सिग्नल: दांड्या नव्हे, आकडा

खरी गंमत इथे आहे आणि बहुतेक तक्रारींचे मूळही. दांड्या किती दाखवायच्या हे फोनची कंपनी ठरवते, म्हणून दोन फोनांची तुलना त्यावरून करू नका. आकडा पाहा. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’, ‘सिम स्टेटस’, ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केले की ‘फील्ड टेस्ट’ उघडते, त्यात ‘आरएसआरपी’, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा शोधा.

आकडा उणे असतो. उणे ८० किंवा त्याहून शून्याकडे झुकलेला असेल तर उत्तम, उणे १०० पर्यंत ठीक, उणे ११० ला रडारड सुरू, उणे १२० म्हणजे सेवा जाण्याच्या काठावर. दर १० ने सिग्नलची ताकद दहापट घटते. म्हणजे गॅलरीत उणे ९५ आणि स्वयंपाकघरात उणे ११५ असेल तर आत शंभरावा हिस्साच पोचतो आहे. फोन हातात धरून घरभर हळूहळू फिरा, प्रत्येक जागी दहा-पंधरा सेकंद थांबा, कारण आकडा लगेच बदलत नाही. कोणत्या खिडकीशी तो सुधारतो ते कळले की टॉवर कोणत्या बाजूला आहे याचाही अंदाज येतो. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर जवळचे टॉवर नकाशावर दिसतात, त्याच्याशी ताडून पाहा.

एन ७८ च्या लहरी भिंतीतून फार जात नाहीत. कोकणातली जाड जांभ्याची भिंत, पत्र्याचे छप्पर, ऑफिसातल्या धातूचा मुलामा दिलेल्या काचा, लिफ्टशेजारची खोली, सगळीकडे त्या अडतात. ७०० मेगाहर्ट्झ आत शिरतो, पण त्याचा पट्टा अरुंद: जिओकडे तिथे १० मेगाहर्ट्झ आहे, तर एन ७८ वर १०० मेगाहर्ट्झच्या घरातला. म्हणून आतल्या खोलीत ५जीचे चिन्ह दिसते आणि वेग जेमतेम मिळतो. अशा जागी नेटवर्क मोड ४जी करून पाहा. बँड ४० ची ४जी कित्येकदा त्या ५जीपेक्षा सरस निघते. ४जी लावणे म्हणजे हार मानणे नव्हे. वेग हवा आहे, चिन्ह नव्हे.

आणि चिन्हाचे म्हणाल तर नॉन-स्टँडअलोनवर ते फसवेही असते. जोडलेला ४जी टॉवर ‘माझ्या आसपास ५जी आहे’ एवढे कळवतो, त्यावरच काही फोन ५जी लिहून मोकळे होतात. डेटा त्या वेळी ४जीवरूनच वाहत असू शकतो.

आकडा उत्तम, तरी रात्री नऊ-दहाला नेट रांगते आणि सकाळी सहाला धावते? मग गर्दी आहे. त्या टॉवरवर माणसे जास्त, जागा कमी. तुमच्या फोनात करण्यासारखे काही उरत नाही, फक्त ५जी आणि ४जी आलटून पालटून त्या वेळी कोणते मोकळे आहे ते बघता येते. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या ‘ट्राय मायस्पीड’ ॲपने दोन्ही वेळी मोजा. ५जीवर मोजताना डेटा जपून: ३०० एमबीपीएसने दहा सेकंदांची एक चाचणी पावणेचारशे एमबी खाते.

घाटात किंवा बोगद्यात फोन २जीवर उतरला आणि बाहेर आल्यावरही तिथेच अडकला, तर विमान मोड पंधरा सेकंद चालू ठेवून बंद करा. फोन जाळ्यात नव्याने नोंदणी करतो. लोणावळा-खंडाळ्याच्या टापूत एवढा एक उपाय पुरतो. अँड्रॉइड १२ नंतरच्या काही फोनांत ‘अलाउ २जी’ ही कळ असते. ती बंद केली की फोन २जीवर उतरतच नाही, पण दुर्गम भागात तीच २जी आपत्काळी उपयोगी पडते, हे लक्षात ठेवा.

लॅपटॉपला हॉटस्पॉट देऊन वेग कमी येत असेल तर मोबाइल डेटाला बोल लावण्याआधी हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ वरून ५ गिगाहर्ट्झ करा.

तक्रार आणि बदल

सगळे तपासून झाले आणि दोष जाळ्यातच दिसला, तर १९८ वर तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या. ‘नेट चालत नाही’ असे मोघम सांगू नका. जागा, वेळ, आरएसआरपीचा आकडा आणि दोन वेळचे वेग सांगा. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे फुकट अपील करता येते.

कंपनी बदलण्याआधी शेजाऱ्याचे सिम तुमच्या फोनात, तुमच्याच खोलीत, रात्री नऊला घालून बघा. मग १९०० वर इंग्रजीत ‘पोर्ट’, जागा सोडून तुमचा नंबर, असा एसएमएस करा. येणारा कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो. मात्र गेल्या सात दिवसांत सिम बदललेले असेल तर कोड मिळणार नाही.