उसाची ट्रॉली रस्त्यावर काढण्याआधी

गळीत हंगामात रात्री ट्रॉलीला मागून धडक बसते, त्याचं नेहमीचं कारण म्हणजे मागच्याला ती दिसतच नाही. दिवे असतात, पण लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, झाकलेले. रिफ्लेक्टर असतात, पण फडातल्या चिखलाखाली. म्हणून तपासणी भरणी झाल्यावर करा, आधी नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे ट्रॉलीची नोंदणी आणि नंबर वेगळा असतो. शिवाय कलम 61 नुसार ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही ट्रॉलीवर हवा. दोन जोडल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. जादा भार सापडला तर कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे.

मागे दोन लाल रिफ्लेक्टर हवेतच. चमकपट्टी 50 मिलिमीटर रुंदीची, एआयएस-090 (अशा पट्ट्यांचं भारतीय मानक) छाप असलेली घ्या. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. दुकानात मिळते म्हणून पुढच्या फळीवर लाल लावू नका, समोरच्याला गाडी पाठमोरी वाटते. पट्टी गंजावर किंवा धुळीवर टिकत नाही. पत्रा घासून, पुसून, पूर्ण वाळल्यावरच चिकटवा.

दिव्यांचा खरा घोळ अर्थिंगचा. बरेच जण ट्रॉलीचं अर्थिंग हुकाच्या पिनीतूनच मिळेल असं धरतात. पिनीवर ग्रीस आणि गंज, त्यामुळे दिवा मिणमिणतो. इंडिकेटर दिल्यावर मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकला, तर दोष अर्थिंगचाच समजा; बल्ब बदलत बसू नका. सात पिनांच्या सॉकेटमधून वेगळी अर्थिंगची वायर ट्रॉलीच्या चासीपर्यंत न्या आणि रंग खरवडून बोल्टखाली आवळा. दोन ट्रॉल्या असतील तर ही वायर दुसरीपर्यंत गेली पाहिजे.

पिनीला खालून लॉक हवंच. खिळा वाकवून घालणं म्हणजे लॉक नव्हे, खड्ड्यांनी तो झिजतो. त्याशिवाय दोन साखळ्या ट्रॉलीच्या ओढायच्या दांडीखालून फुलीसारख्या बांधा. हुक निसटला तरी दांडी साखळ्यांवर टेकते, डांबरात रुतत नाही. वळताना ताण येणार नाही इतकीच ढील ठेवा.

वाटेत पंक्चर झालं तर त्रिकोणी फलक ट्रॉलीला टेकवून ठेवू नका, मागे निदान पन्नास पावलांवर ठेवा. आणि निघताना चाकाखालचे दगड रस्त्याबाहेर टाका. अंधारात दुचाकीवाल्याला ते दिसत नाहीत.