सिगारची तुलना करताय? आधी या चुका टाळा

एका एप्रिलात पुण्यात मित्राच्या गच्चीवर आम्ही दोन सिगार एकापाठोपाठ ओढल्या. एक निकाराग्वातल्या एस्तेलीची, दुसरी डॉमिनिकन रिपब्लिकची. पहिली कडवट, तिखट, भराभर जळणारी. दुसरी गोडसर आणि शांत. ‘एस्तेलीचा तंबाखू उग्रच’ असा निकाल मी वहीत लिहूनही टाकला. त्याच खोक्यातली आणखी एक सिगार दोन महिने नीट ठेवून ओढली, तेव्हा तिच्यात भाजलेले शेंगदाणे होते, जायफळ होतं, कडवटपणा नावालाही नव्हता. चौकशी केल्यावर कळलं, गच्चीवरची ती सिगार आधी तीन आठवडे कपाटाच्या खणात पडून वाळली होती. मी एप्रिलच्या हवेची चव लिहून ठेवली होती.

तुलनेत बहुतेक घोळ असाच होतो. फरक असतो ओलाव्याचा, ओढण्याच्या वेगाचा, आकाराचा नाहीतर मनातल्या अपेक्षेचा, आणि नाव लागतं पानाला.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सरळ सांगतो. धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी होत नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग हा खरा धोका आहे आणि निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं. ज्याने तंबाखूला कधी हात लावलेला नाही, त्याने या छंदापायी सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं. हे लिहितोय ते आधीपासून ओढणाऱ्यांसाठी. आणि नीट तुलना करायची तर कमीच ओढावं लागतं.

ओलावा सारखा नसताना तुलना करणं

सगळ्यात मोठी चूक हीच. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. आपल्याकडे उन्हाळ्यात देशावर दुपारची हवा 25 टक्क्यांच्याही खाली उतरते आणि जुलैत मुंबई-कोकणात 85च्या वर जाते. कोरडी सिगार गरम आणि तिखट लागते, कारण ती वेगाने जळते. ओलसर सिगार ओढायला घट्ट, मधेच विझणारी, आंबट. दोन्ही सिगार निदान तीन आठवडे एकाच डब्यात राहिल्याशिवाय त्यांची तुलना करूच नका. कुरियरने आलेली सिगार त्याच संध्याकाळी पेटवण्याचा मोह तर हमखास फसवतो.

डबा महागडाच हवा असं नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात 65 किंवा 69 टक्क्यांची ओलावा राखणारी पुडी, एवढ्यावर माझं काम कितीतरी वर्षं चाललंय. लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची पेटी, सुंदर दिसतो, पण आपल्या पावसाळ्यात त्याच्या फटींतून ओल आत शिरते. (त्याच्या आतलं लाकूड ‘स्पॅनिश सीडर’ म्हणून ओळखलं जातं, पण ते देवदाराच्या नव्हे, आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं झाड आहे. त्या वासाशी आपली जवळीक वाटते ती उगाच नाही.)

आर्द्रता मोजणाऱ्या काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, काट्यासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 दिसायला हवा. माझा पहिला काटा 68 दाखवत होता, म्हणजे वर्षभर मी सात टक्के जास्त ओलाव्यात सिगार ठेवत होतो.

पानावर पांढरा थर दिसला आणि कोणी ‘हा तर जुनेपणाचा फुलोरा, चांगलं लक्षण’ म्हणालं, तर ऐकू नका. ती जवळजवळ नेहमी बुरशीच असते. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर ती तंबाखूच्या किड्याची. डबा 24 अंशांच्या वर तापत राहिला की पानातली अंडी उबतात. वाचलेल्या सिगार बंद पिशवीत एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. थेट फ्रीझरमधून बाहेर काढल्या तर बाहेरचं पान तडकतं.

नाव, रंग आणि आकार

पाच इंची, 50 रिंगची रोबुस्तो आणि 38 रिंगची सडपातळ लान्सेरो यांची तुलना करून पानांच्या मिश्रणाबद्दल काही कळत नाही. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. 50 रिंग म्हणजे जवळपास 20 मिलिमीटर जाडी. सिगार बारीक असेल तर धुरात बाहेरच्या पानाचा, म्हणजे रॅपरचा, वाटा वाढतो. आकार तोच ठेवा.

रंगावरून कडकपणा ठरवू नका. माडुरो, म्हणजे गडद रॅपरची सिगार, काळीभोर दिसते ती जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे, आणि चवीला ती बरेचदा गोड असते. कडकपणा येतो तो आत भरलेल्या लिहेरो पानांमुळे. ही झाडाच्या शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली पानं. फिकट पानाखाली भरपूर लिहेरो असेल तर घाम फुटतो, हे अनुभवलं आहे.

नावाचाही गोंधळ असतो. 1960 साली क्यूबात तंबाखू उद्योगाचं राष्ट्रीयीकरण झालं, मग 1962ची अमेरिकी व्यापारबंदी आली. त्यातून मोंतेक्रिस्तो, पार्तागास अशा सिगारच्या जुन्या नावांच्या दोन-दोन परंपरा तयार झाल्या, एक क्यूबातली आणि एक बाहेरची. नाव एक, पानं वेगळी. ‘मोंतेक्रिस्तो पूर्वीसारखी राहिली नाही’ म्हणण्याआधी कुठली ओढलीत ते पाहा. आणि काचेच्या झाकणाच्या खोक्यातली क्यूबन कोहिबा कोणी देऊ केली तर ती नकलीच, तुलनेला घेऊ नका.

पेटवण्यात आणि ओढण्यात होणारा बिघाड

टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, कापताना फक्त शेंडा जाऊ द्या, दोनेक मिलिमीटर. टोपीच्या कडेखाली पातं गेलं की रॅपर सुटतो. आपल्या तिरुचिरापल्लीच्या चिरुटाला ही कटकट नाही, त्याची दोन्ही टोकं उघडीच असतात. (चिरूट हा शब्दच तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला, अर्थ गुंडाळी.) पेटवायला पेट्रोलचा लायटर किंवा मेणबत्ती नको, त्यांचा वास सिगारच्या पहिल्या एक तृतीयांश भागापर्यंत पुरतो. ज्योत टोकाला न टेकवता टोक आधी शेकून घ्या.

डोक्यावरचा पंखा बंद करा. एका बाजूने होडीसारखी जळत जाणारी सिगार पाहून आपण वळणाऱ्या कारागिराला दोष देतो, पण बरेचदा दोष पंख्याचा असतो. मागे राहिलेल्या बाजूला हलकी ज्योत दाखवली की कडा सरळ होते. बाहेरचं पान तसंच राहून आतून बोगदा पडत असेल तर रॅपर ओला आहे किंवा तुम्ही फार रेंगाळताय.

मधेच कडू झाली? वेग तपासा. मिनिटाला एक झुरका पुरे. रोबुस्तो अर्ध्या तासात संपत असेल तर तुम्ही तिला तापवताय. दोन मिनिटं खाली ठेवा, मग हलकेच फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढा. ओढायला फारच घट्ट असेल तर त्याच जातीच्या उरलेल्या सिगार दोन दिवस पुडीशिवाय ठेवून पाहा. तरीही घट्ट निघालेली एखादी तुलनेतून वगळा. हाताने वळलेल्या वस्तूत एखादी दाबून भरलेली निघतेच, म्हणून एका सिगारवरून कधीही निकाल देऊ नका. शेवटचा इंच तर सोडूनच द्या, तिथे सगळं साचतं आणि सगळ्या सिगार सारख्याच वाईट लागतात.

उपाशीपोटी बसू नका, गरगरतं. मिसळ खाऊनही बसू नका. सोबत साधं पाणी. व्हिस्कीबरोबर सिगार आवडत असेल तर ओढा, पण त्या दिवशी वही उघडू नका.

दुसऱ्याचे शब्द उसने घेणं

‘लेदर, सीडर, एस्प्रेसो’ असं लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी चामड्याचा वास मुद्दाम घेतलाय? माझ्या सुरुवातीच्या नोंदी वाचल्या तर पंधरा सिगार एकसारख्या वाटतात. मग मी घरातले वास वापरू लागलो: कात, सुंठ, चिंचेचा कोळ, गुळाच्या ढेपेचा खालचा भाग, पहिल्या पावसानंतरचं अंगण, देवघरातला धूप, जुन्या पुस्तकांचं कपाट. वर्षभराने वाचलं तरी ती सिगार आठवते. तोंडात घेतलेला थोडा धूर नाकावाटे सोडला की जास्त कळतं, कारण वासाचं काम नाकाचं. छातीत मात्र तो उतरू द्यायचा नाही.

पट्टी बघून चव लावणं

सिगारवर महागड्या नावाची कागदी पट्टी दिसली की जीभ आधीच खूश होते. पट्टी काढायला जाऊ नका, पान फाटतं. मित्राला सांगा: दोन जातींच्या दोन-दोन, अशा चार सिगार कागदात गुंडाळ, आकडे टाक, यादी तुझ्याकडे ठेव. दर पंधरवड्याला एक, त्याच वेळी, त्याच खुर्चीत. एका दिवसात दोन ओढल्या तर दुसरीवर पहिलीचा थर असतो, गच्चीवर आमचं तेही चुकलं होतं. चारही झाल्यावर नोंदी वाचून जोड्या लावा. जोड्या चुकल्या तर तुम्हाला जाणवलेला फरक अजून भरवशाचा नाही.

मी एस्तेली आणि डॉमिनिकन हाच सामना पुन्हा लावला. दोन महिन्यांनी मित्राने यादी दिली: एक आणि चार एस्तेली, दोन आणि तीन डॉमिनिकन. माझ्या जोड्याही तशाच होत्या. गोडीचा फरक मात्र उरला नव्हता, चारही नोंदींत गूळ होता. एक आणि चारमध्ये तेवढा नाकात चढणारा मिऱ्यांचा झणका होता.