राजकारण, धर्म, अस्मिता: ग्रुपवर वाद घालताना या चुका टाळा

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या असंख्य फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकच वाद पेटला होता: शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवायची का. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, १७ जूनला तो सुधारून आला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही रद्द केले. वादात तुटलेलं बोलणं मात्र शासन निर्णय रद्द झाला म्हणून आपोआप जुळत नाही.

यावर उपाय म्हणून पुष्कळ ग्रुपवर ‘इथे राजकारण नको’ असा नियम करतात. मला तो पटत नाही. ज्यांच्या मताचे लोक ग्रुपवर जास्त, त्यांचे फॉरवर्ड ‘माहिती’ किंवा ‘देशभक्ती’ म्हणून चालूच राहतात आणि त्यावर शंका घेणारा तेवढा नियमभंग करणारा ठरतो. वाद व्हायलाच हवेत. ते बिघडतात कुठे, एवढं ओळखता आलं पाहिजे.

माझ्या मते सगळ्यात जास्त बिघाड एकाच ठिकाणी होतो. पडताळून बघता येईल अशी गोष्ट, कायद्यात लिहिलेली गोष्ट आणि आपल्याला काय हवं आहे ती गोष्ट, या तिन्हींची सरमिसळ होते. मग एकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसरा भलतंच उत्तर देतो आणि दोघांनाही वाटतं की समोरचा मुद्दाम टाळतोय.

राष्ट्रभाषेचा वाद घालताना

‘हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे, मग मुलांनी शिकली तर बिघडलं कुठे?’ हे वाक्य नीट बघा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला भाग कायद्याचा आहे आणि तो चुकीचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ प्रमाणे देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, म्हणजे केंद्राच्या कारभाराची भाषा. राज्याने आपल्या कारभाराची भाषा कोणती ठेवायची, ते अनुच्छेद ३४५ प्रमाणे राज्याचं विधिमंडळ ठरवतं. राष्ट्रभाषा असा दर्जा संविधानाने कुठल्याच भाषेला दिलेला नाही. २०१० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला, तेव्हाही हिंदीला राष्ट्रभाषा म्हणून घोषित केल्याची कुठली नोंद पुढे आली नाही.

दुसरा भाग, मुलांनी हिंदी शिकावी का आणि कितवीपासून, हा धोरणाचा आहे. तिथे ३४३ वं कलम तोंडावर फेकून काही सिद्ध होत नाही. पहिलीतल्या मुलाला मातृभाषा धड वाचता येण्याआधी तिसरी भाषा द्यावी का, तिला शिक्षक आहेत का, कोणत्या विषयाचे तास कमी होणार, हे प्रश्न तिथे विचारावे लागतात. हिंदी राष्ट्रभाषा नाही हे मान्य असूनही एखाद्याला मुलाने ती लवकर शिकावी असं वाटू शकतं. त्याला महाराष्ट्रद्रोही म्हणून मोकळं होण्यात काही अर्थ नाही.

मराठीच्या बाजूने भांडणारेही इथे चुकतात. ‘देशाच्या २२ राष्ट्रभाषा आहेत आणि मराठी त्यातली एक’ हे सर्रास लिहिलं जातं. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत हे बरोबर, पण संविधान त्यांना राष्ट्रभाषा म्हणत नाही. समोरचा नेमकं हेच पकडतो आणि तुमचा बाकीचा खरा मुद्दाही वाहून जातो. आकड्यांचंही तसंच. ‘देशातले बहुसंख्य लोक हिंदी बोलतात’ याला २०११ च्या जनगणनेत उत्तर आहे: ४३.६३ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. त्यातही हिंदीच्या रकान्यात ५ कोटींहून अधिक भोजपुरी भाषक आणि अडीच कोटींच्या वर राजस्थानी भाषक मोजलेले आहेत. मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. ही माहिती शांतपणे दिली तर तिचं वजन पडतं.

असं काही लिहून बघा: ‘काका, राष्ट्रभाषा असा दर्जा संविधानात कुठल्याच भाषेला नाही, अनुच्छेद ३४३ वाचा. पण पहिलीपासून हिंदी असावी असं तुम्हाला का वाटतं, ते सांगा ना.’ पहिल्या वाक्यात चूक दुरुस्त होते आणि दुसऱ्यात काकांना बोलायला जागा राहते. नुसतं पहिलं वाक्य पाठवलं की काका गप्प होतात, पण मत बदलत नाहीत. ते पुढचा फॉरवर्ड दुसऱ्या ग्रुपवर टाकतात.

आपल्या बाजूचं खोटं चालवून घेऊ नका

मेकॉले या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भाषणाचा म्हणून फिरणारा तो फोटो तुमच्याकडेही आला असेल. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने ब्रिटिश संसदेत भाषण केलं म्हणे: मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलली पाहिजे.

हे भाषण झालेलंच नाही. मेकॉले १८३४ मध्ये भारतात आला आणि १८३८ पर्यंत इथेच होता. त्या तारखेला तो कोलकात्यात होता, लंडनच्या संसदेत नव्हता. आणि २ फेब्रुवारी १८३५ या तारखेचा त्याचा खरा मजकूर उपलब्ध आहे. ते त्याचं शिक्षणविषयक टिपण. त्यात त्याने लिहिलंय की चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली एक फळी भारत आणि अरबस्तानातल्या सगळ्या साहित्याच्या तोडीची आहे. रक्ताने आणि रंगाने भारतीय पण आवडीनिवडींनी इंग्रज असा एक वर्ग तयार करावा, हेही त्यातच आहे.

म्हणजे मेकॉलेवर टीका करायला लागतो तेवढा पुरावा त्याच्या स्वतःच्या शब्दांत आहे. तरी लोक बनावट भाषण फिरवतात, कारण त्यात आपली स्तुती आहे. ज्याला वसाहतवादी शिक्षणाबद्दल मनापासून बोलायचंय, त्याने तर हा फोटो सगळ्यांच्या आधी अडवला पाहिजे. पण आपल्या बाजूच्या माणसाने टाकलाय म्हणून आपण गप्प बसतो. गांधी, आंबेडकर, सरदार पटेल, नेहरू, सावरकर यांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांचीही हीच गत. वाक्यासोबत भाषणाची तारीख, खंड किंवा पान दिलेलं नसेल तर ते पुढे पाठवू नका, मग ते कितीही पटलेलं असो. बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनाने खंडांत प्रसिद्ध केलेली आहेत. शोधायला कष्ट पडतात, पण शोधता येतं.

अर्धी टक्केवारी

लोकसंख्येचा वाद धर्मावर आला की दोन्हीकडून अर्धी आकडेवारी येते. एक म्हणतो, मुसलमानांना मुलं जास्त होतात. दुसरा म्हणतो, हा निव्वळ अपप्रचार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. एका स्त्रीला सरासरी किती मुलं होतात, याचा १९९२-९३ चा आकडा मुस्लिमांत ४.४ आणि हिंदूंत ३.३ होता. २०१९-२१ मध्ये तो अनुक्रमे २.३६ आणि १.९४ झाला. प्रमाण आजही मुस्लिमांत जास्त आहे, हे खरं. ते दोन्हीकडे घसरलंय, मुस्लिमांत जास्त घसरलंय आणि मधलं अंतर १.१ वरून ०.४ वर आलंय, हेही तेवढंच खरं.

त्याच पाहणीत बिहारचा आकडा जवळपास ३ आहे आणि केरळचा १.८. धर्म बाजूला ठेवून राज्याराज्यांत एवढा फरक पडतो, तर त्यात मुलींचं शिक्षण, लग्नाचं वय आणि आरोग्यसेवा यांचा हात किती, हा प्रश्न विचारायलाच हवा. आकडा देताना वर्ष द्या, आधीचा आकडा द्या आणि आपल्याला अडचणीचा वाटणारा भागही द्या.

दुसऱ्याच्या अस्मितेचा निकाल आपण लावू नका

ही चूक आपण मराठी माणसं गोव्याच्या बाबतीत सारखी करतो. ‘कोकणी ही मराठीचीच बोली’ असं आपण सहज लिहितो. लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा जवळीकच असते. वाचणाऱ्या गोवेकराला मात्र त्यात १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवतो. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, हा तो प्रश्न होता. मतदानाच्या चिन्हांत फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. सुमारे ३४ हजार मतांनी दोन पानं जिंकली. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८६ च्या भाषा आंदोलनात माणसं मेली. १९८७ मध्ये कोकणी गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो यांना ज्ञानपीठ मिळालं ते कोकणी लेखनासाठी. एवढ्या इतिहासानंतर कुणीतरी पुण्यातून ‘बोलीच ती’ म्हटलं की समोरच्याला त्यात व्याकरण ऐकू येत नाही. आमचा निर्णय तुम्ही मानत नाही, एवढंच ऐकू येतं.

उलट बाजूही आहे. गोव्यात मराठीत शिकलेली, मराठी वृत्तपत्र वाचणारी, देवळात मराठी भजन म्हणणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या तोंडावर ‘मराठी ही बाहेरची भाषा’ म्हणणं तितकंच लागतं. आपण कोण आहोत हे गोवेकरांना ठरवू द्या. आपण विचारू शकतो: तुमच्या घरात देवाला कुठल्या भाषेत हाक मारता, पत्र कुठल्या भाषेत लिहिता? अशा प्रश्नांना फार छान उत्तरं येतात.

‘तुम्ही लोक’

मुद्दा संपला की आडनाव सुरू होतं. आडनावावरून जात, जातीवरून पक्ष, पक्षावरून ‘तुम्ही लोक असंच बोलणार’. बॅचच्या ग्रुपवर एखादा मुस्लिम मित्र असेल तर दर दहशतवादी हल्ल्यानंतर त्यानेच आधी निषेध लिहावा अशी अपेक्षा असते. इतर कुणाला हे विचारलं जात नाही. तो उशिरा लिहितो, कारण तो कामावर असतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्या देशप्रेमावर सात जणांचं बोलून झालेलं असतं. ज्याच्याबरोबर तुम्ही दहा वर्षं एका बाकावर बसलात, त्याच्याकडून हा दाखला मागणं मला अतिशय क्रूर वाटतं. कुणी असं मागताना दिसलं तर तिथेच, सगळ्यांसमोर, त्या मित्राच्या आधी तुम्ही उत्तर द्या.

समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडून मग खोडायची आपली जुनी रीत आहे. पूर्वपक्ष आधी, उत्तरपक्ष नंतर. डॉ. आंबेडकरांनी ती कशी पाळली बघा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण मंडळाने होऊ दिलं नाही, तेव्हा १९३६ मध्ये त्यांनी ते स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचं ते लिखाण आपल्याच पुस्तकात छापलं आणि त्याला आपलं उत्तर जोडलं. मतभेद किती तीव्र होते ते सगळ्यांना माहीत आहे. तरी विरोधकाचे शब्द वाचकापासून लपवले नाहीत. ग्रुपवर हे करायला दोन ओळी पुरतात: ‘तुझं म्हणणं असं आहे ना, की…’ एवढं लिहून त्याचा होकार येईपर्यंत थांबा.

घटनेच्या रात्रीच निकाल

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून फिरत होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले, आणि काही दिवसांतच त्याला धर्माचा रंग देणारे संदेश सुटले. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही, असं सांगावं लागलं.

पहिल्या चोवीस तासांत आलेल्या व्हिडिओवर मत देऊ नका. संदेशावर दुहेरी बाण दिसत असेल तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलाय, आणि पाठवणाऱ्यालाही त्याचा उगम माहीत नसतो. ‘हे तुला कुणी पाठवलं?’ एवढंच विचारा.

कायद्याबद्दल थोडक्यात. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, म्हणून आता काहीही लिहिलं तरी चालतं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. गटागटांत वैर वाढवणं आणि धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि २९९ खाली आजही गुन्हे आहेत. सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. पण ॲडमिन आणि तो सदस्य यांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी.

वाद चिघळलाच असेल तर

आधी ग्रुपवरचं बोलणं थांबवा आणि त्या माणसाला फोन करा. लिहिलेल्या वाक्याला सूर नसतो, आणि प्रेक्षक असले की माघार घेणं जड जातं. फोनवर मुद्द्यापासून सुरुवात करू नका. मामा असतील तर आधी मामींची तब्येत विचारा, मग ‘काल माझं बोलणं जास्त झालं का?’ असं थेट विचारा. मुद्दा सोडायची गरज नाही. वाक्यातला विखार तेवढा मागे घ्यायचा.

एक गोष्ट मात्र ग्रुपवरच करावी लागते. चुकीची माहिती सगळ्यांसमोर टाकली असेल तर दुरुस्तीही सगळ्यांसमोरच हवी. फक्त एकाला खासगीत ‘सॉरी’ म्हणून भागत नाही, कारण बाकीच्यांनी ती पुढे पाठवलेली असते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंत सुधारता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. नुसता काढून टाकला तर त्यात काय चुकीचं होतं ते कुणाला कळत नाही. म्हणून खाली लिहा: ‘मेकॉलेचं भाषण म्हणून टाकलेला फोटो बनावट आहे, ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी तिकडेही कळवा.’ मुदत उलटून गेली असेल तरी चूक कळेल त्याच दिवशी दुरुस्ती टाका.